मोठीचा फोटो

माझ्या सावत्र भावानं माझ्या मायला घराण्याच्या इतिहासातून एका ओळीत काढून टाकलं, आणि ती ओळ मी दुकानात एका नवरीच्या शालूला फॉल लावता लावता वाचली. सुई बोटात गेली. शालूला डाग लागू नये म्हणून बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन जवळ ओढून ते पान पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर काही बदललं असेल असं वाटलं की काय, कोण जाणे. नव्हतं बदललं.

आधी हे पान म्हणजे काय ते सांगते. भावाचा मुलगा, माझा पुतण्या, बंगलोरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्यानं आमच्या घराण्याची विकी काढली. म्हणजे इंटरनेटवरची एक वहीच, घरातल्या प्रत्येक माणसाचं तिच्यात एक पान. ज्याच्याजवळ पासवर्ड आहे त्यानं लिहावं, फोटो टाकावे, चुकलं असेल ते दुसऱ्यानं खोडावं. आणि खोडलेलंही कुठं जात नाही. प्रत्येक पानावर 'इतिहास' नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की कोणी कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय काढलं, सगळं उघडं पडतं. पुतण्या फोनवर हे समजावून सांगत होता तेव्हा मी नुसतं हो हो करत होते. आर्णीच्या बाजारात पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या बाईला त्या बटणाचं काय काम? पुढं त्याच बटणानं मला भल्ला आनंद दिला.

वडिलांचं पान भावानं स्वतः लिहिलं होतं. भाऊ सत्तरीचा, सरकारी कचेरीतून निवृत्त, नागपुरात राहतो. अक्षर सुंदर, मराठी शुद्ध, कोणाच्या लग्नाची पत्रिका असो की कोणाचा शोकसंदेश, मजकूर त्याच्याकडूनच लिहून घेतात. त्यानं लिहिलं होतं, पत्नी, आणि पुढं त्याच्या आईचं नाव. अपत्य, आणि पुढं त्याचं स्वतःचं. मग ती ओळ: 'आईच्या निधनानंतर मावशींनी सांभाळ केला.' आणि पानाच्या तळाशी 'इतर नातेवाईक' म्हणून जी यादी होती तिच्यात, एका चुलत्याच्या मेहुण्याच्या खाली, मी. सख्ख्या बापाच्या पानावर मी इतर.

ही मावशी म्हणजे माझी माय. भावाची आई वारली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. सहा महिन्यांत बापानं दुसरं लग्न केलं. माय फुलसावंगीकडची, चौदा वर्षांची, घरी चार बहिणी, म्हणून बिजवराला दिली. पण दिली ती चांगली मांडव घालून, अक्षता टाकून, चार गावच्या पंक्ती उठवून. सासरी पाय ठेवला आणि कडेवर हे पोरगं आलं. पोरगं तिला मावशी म्हणायला लागलं, कोणी टोकलं नाही, आणि मग तेच राहिलं. मी दहा वर्षांनी जन्मले. मावशी म्हणालास ते म्हणालास, पण कागदावर तरी बायको लिही ना बाबा. मावशी म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटणार, आईची बहीण येऊन राहिली असेल बिचारी, पोर वाढवायला.

मला एवढी तिडीक गेली त्याला अजून एक कारण होतं. मायनं आदल्याच दिवशी विचारलं होतं. माय त्र्याऐंशीची आहे, कानानं कमी, पण घरात काय चाललंय ते तिला बरोबर समजतं. शेजारणीच्या सुनेनं तिला सांगितलं की तुमच्या घराण्याचं काहीतरी फोनवर निघालंय म्हणे, फोटोसकट. दुपारी जेवताना म्हणाली, "त्याच्यात माहा फोटो हाये का?"

तेव्हा मी पान पाहिलं नव्हतं. टाकून राह्यले, असं ठोकून दिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा काही फोटो काढणारा समोरच उभा आहे, आणि म्हणाली की टाकायचा तर चष्म्याचा नको. तरणेपणी एकदाच फोटो काढला होता, पण तो तुह्या बापानं कधी दाखवला नाही. पेटीत ठेवला, पेटी पुढं भावानं नेली. मला हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार करणं तिला येतच नाही. ती सगळी माझ्या वाट्याला आली असावी.

तर ते पान वाचून मी दिवसभर शिवण उसवत बसले. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी भावाच्या आईचं पान उघडलं. तिला आमच्या घरी मोठी म्हणतात. मोठीचं पान त्यानं मायेनं लिहिलं होतं, ते मी नाकारत नाही. वर एक फोटो होता. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला. बाप खुर्चीवर, टोपी घालून, हात गुडघ्यांवर. बाजूला जमिनीवर बसलेली एक बाई, पदर हनुवटीच्या खालपर्यंत ओढलेला, तोंडाचा नखाएवढाही भाग दिसत नाही. त्या काळी घरच्या सुनेचा फोटो असाच निघायचा, सासरा नाहीतर दीर समोर उभा असला की कॅमेऱ्यालाही तोंड दाखवायचं नाही. तिच्या मांडीवर पोरगं. पोरानं पदराखाली हात घालून तिच्या गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढलाय आणि दोऱ्याला काहीतरी पांढरं लोंबतंय. खाली भावानं लिहिलं होतं: 'आईच्या गळ्यातला ताईत ओढताना मी. वय अंदाजे एक वर्ष.'

माझा धंदा साड्यांचा, त्यामुळं मी आधी लुगड्याचा काठ पाहिला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुतण्यानं बजावून सांगितलं होतं की फोटो मोठ्या साईजमध्ये टाका, आणि भावानं आज्ञाधारकपणे टाकला होता, म्हणून तो फाटत नव्हता, नुसता मोठा मोठा होत होता. काठावरून बोट सरकलं ते त्या ताईतावर आलं. मी दुकानात उभीच राहिले.

तो ताईत नव्हता. तो टाक होता. आमच्याकडं बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात आधीच्या बायकोचा टाक घालत. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं चांदीचं पातळ पान, त्याच्यावर ठोकून उठवलेली एक उभी बाई. जेवायला बसलं की पहिला घास तिला दाखवायचा, तुपाचं बोट तिच्या तोंडाला लावायचं, मग आपण खायचं. नाही केलं तर गेलेली सवत उपाशी राहते आणि घरात कोणाला सुखानं जेवू देत नाही, असं समजत. आता हे कोणी करत नाही. माझी माय करते. सत्तर वर्षं होत आली, मोठीला भरवल्याशिवाय तिनं घास तोंडात घातलेला मी पाहिला नाही. तापात, प्रवासात, बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

आणि त्या टाकाचा खालचा डावा कोपरा वाकलेला आहे. भावाला दाढा येत होत्या तेव्हा तो चावायचा, असं माय नेहमी सांगते. फोटोतल्या टाकाचा खालचा डावा कोपरा वाकलेला होता.

म्हणजे फोटोतली बाई मोठी नव्हतीच. मोठी आपल्याच गळ्यात आपलाच टाक कशी घालेल? ती माझी माय होती, पंधरा वर्षांची, आणि भाऊ एक वर्षाचा नाही, चांगला अडीच-तीन वर्षांचा होता. त्याच्या आईचा फोटो कधी निघालाच नव्हता. ज्या बाईला त्यानं बापाच्या पानावरून काढून टाकलं, तिलाच तो आई म्हणून लावून बसला होता.

मी हसले. दुकानात एकटीच हसले, मोठ्यानं. समोरच्या भांड्याच्या दुकानदारानं वळून पाहिलं.

हसण्यासारखं अजून एक होतं, आणि ते आठवल्यावर माझं हसणं थांबलं. हाच फोटो भावानं मोठा करून नागपूरच्या घरात लावला होता. चंदनाचा हार घालून. दरवर्षी पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांच्या दिवशी, तो त्या फोटोपुढं पान वाढायचा आणि त्याचा फोटो काढून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. बाप गेल्यावर बरेच जण हे बंद करतात, भाऊ करत राहिला. मी आजवर ते नीट पाहिलं नव्हतं. हात जोडल्याची खूण पाठवायची आणि पुढं जायचं. माझी जिवंत माय नागपुरात हार घालून भिंतीवर होती, आणि आर्णीत पोळीचा तुकडा दुधात बुडवून खात होती.

घरी जाऊन मी तिला फोटो दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग म्हणाली की हे लुगडं माहं. हिरवं होतं. पोरगं गप बसत नव्हतं, म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा देल्ला होता, पाह्य त्याचा गाल. खरंच, भावाचा एक गाल फुगलेला होता. हाराचं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, आयुष्य वाढलं माहं. आणि मग मला म्हणाली की त्याले सांगू नको. त्याले माय वाटते तर वाटू दे, पोराजवळ दुसरं काय हाये.

मायचं मी जन्मभर ऐकलं. एवढं नाही ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी टाकता आलं असतं. मी टाकलं नाही. नवमीला अडीच महिने होते आणि मी अडीच महिने थांबले. खोटं कायले बोलू, त्या अडीच महिन्यांत माझी झोप सुधारली. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी मजकूर लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. आधी फार लिहिलं होतं, त्यात शिव्या होत्या, लहानपणच्या सगळ्या गोष्टी होत्या. भावाच्या लग्नात मायला मांडवात बसू दिलं नाही ती होती, बापाच्या तेरवीला आलेल्या पाहुण्यांना 'ह्या आमच्या मावशी' म्हणून ओळख करून दिली ती होती. मग एकेक कापत गेले. फॉल लावताना दोरा जितका कमी दिसेल तितकं काम चांगलं असतं. शेवटी तीन वाक्यं उरली. मायच्या गळ्यातल्या टाकाचा एक स्वच्छ फोटोही काढून ठेवला, वाकलेला कोपरा दिसेल असा. तिला सांगितलं, असंच काढते.

नवमीला सकाळी अकराच्या सुमारास ग्रुपवर भावाचा फोटो आला. केळीच्या पानावर खीर, वडे, आळूची भाजी, मागं फ्रेम, फ्रेमला हार. खाली लिहिलं होतं की आई, तुझा चेहरा पदराआड राहिला, पण तुझी सावली आमच्यावर आहे. मी मशीन बंद केली. विकी उघडली, मोठीचं पान उघडलं आणि दोन फोटो टाकले, एक त्याच्याच फोटोतला टाकाचा तुकडा मोठा करून, एक मायच्या गळ्यातला. आणि खाली माझी तीन वाक्यं: 'या फोटोतली बाई माझी आई आहे. तिच्या गळ्यात मोठीचा टाक आहे. स्वतःचा टाक स्वतःच्या गळ्यात कोणी घालत नाही.' त्या पानाचा पत्ता ग्रुपवर टाकला, भावाच्या खिरीच्या फोटोच्या बरोबर खाली.

दरवर्षी त्याला ऐंशी-नव्वद नमस्कार येतात. त्या दिवशी अकरावर थांबले. मग एका चुलत वहिनीनं विचारलं, म्हणजे ही आपली लहानी काकू होय काय? मग कोणीतरी काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

पुतण्याचा फोन आला. बिचारा सुटी काढून नागपूरला आला होता. म्हणाला, आत्या, बाबा पानावरून उठले, जेवले नाहीत.

मी म्हटलं, "माही माय सत्तर वर्ष तुह्या आजीले घास देऊन मग जेवली. हा एक दिवस उपाशी राह्यला तर काय झालं?"

पोरगं चांगलं आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या वेळी जो समोर आला त्याला ऐकून घ्यावं लागलं.

मग लढाई सुरू झाली. संध्याकाळी पाहिलं तर माझे दोन्ही फोटो पानावरून गायब. इतिहासाचं बटण दाबलं: भावाचं नाव, वेळ, 'काढले'. मी पुन्हा टाकले. सकाळी पुन्हा काढलेले. पुन्हा टाकले. सत्तर वर्षांचा माणूस आणि साठीची बाई, दोघं दोन गावांत फोन घेऊन बसलेली, एक लावतोय, एक काढतोय, आणि त्या बटणाखाली सगळं ओळीनं साठतंय. तिसऱ्या वेळी त्यानं माझे फोटो काढले नाहीत. त्यानं स्वतःचा काढला. मोठीच्या पानावर वर, जिथं माझी माय बसली होती, तिथं आता एक रिकामी चौकट आणि आत राखाडी रंगाचा माणसाचा आकार. ज्याचा फोटो नाही त्याला विकी तसा आकार देते. गिऱ्हाइकं येत-जात होती आणि मी तो राखाडी आकार पाहत राहिले. जिरली, असं मनातल्या मनात किती वेळा म्हटलं त्याचा हिशेब नाही.

मायला शेजारणीच्या सुनेनं सगळं वाचून दाखवलं. माय माझ्याशी भांडली नाही. दुपारी जेवायला बसली, तुपाचं बोट टाकाला लावलं आणि माझ्यासमोर, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, त्याला म्हणाली, "तुह्या पोराजवळचा फोटो गेला बाई." मग जेवली.

चार दिवसांनी भाऊ आला. नागपूरहून एसटीनं, भर दुपारी, खांद्याला एक पिशवी. मी दार उघडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, चपला काढल्या, सरळ मायच्या खाटेपाशी गेला. मायनं विचारलं, जेवला का. तो म्हणाला, मावशी, तो टाक पाहायचा आहे. तिला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. तरी नाही. तिसऱ्यांदा त्याला ओरडून सांगावं लागलं, आणि ते आमच्या सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला बरं वाटलं.

टाक काढून हातात देता आला असता. दोरा चार-पाच वेळा बदललाय, गाठ सुटते. पण मी मध्ये पडून म्हटलं की निघत नाही तो, तसाच पाहावा लागतो. मायनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग भावानं चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकला, आणि तिच्या गळ्याजवळ तोंड नेऊन पाहू लागला. तिनं मान वर करून धरली. तो बराच वेळ तसाच वाकून होता, एक हात खाटेच्या कडेवर टेकवून.

सरळ झाला तेव्हा म्हणाला, चेहरा नाही.

नव्हताच. मी रोज पाहत होते, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. बाईचे पाय दिसतात, लुगड्याच्या चुण्या दिसतात, जोडलेले हात दिसतात. तोंड घासून सपाट झालंय. दिवसातून दोन वेळा, सत्तर वर्षं, तुपाचं बोट. त्यानं विचारलं की आई दिसायला कशी होती, आणि माय म्हणाली, मीनं तरी कुठी पाह्यली बाप्पा. ती गेल्यावर तर मी आली.

तो खाटेवर तिच्या बाजूला बसला. मी मनात म्हटलं, आता. मी त्याला जन्मभर तुम्ही म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हटलं. म्हटलं, ज्यासाठी आला ते बोल.

त्याला फोटो हवा होता. टाकाचा, मोठीच्या पानासाठी. तू टाकलेला तुह्या भांडणाचा हाये, म्हणाला, मले नीट पाह्यजे. तोही रागात घरच्या बोलीवर आला होता.

मी म्हटलं, "आधी बापाच्या पानावर माह्या मायले बायको लिही. तुह्या हातानं."

"तुह्याजवळ पासवर्ड हाये. तू काहून नाही लिहिलं?"

"मी लिहिलं तर तू खोडशीन. तू लिहिलं तर कोण खोडीन?"

त्यानं खिशातून फोन काढला. बापाचं पान उघडलं. एका बोटानं टाइप करतो तो. पत्नीच्या ओळीत त्याच्या आईच्या नावाखाली त्यानं मायचं नाव लिहिलं. मला विचारलं, पुढं दुसरी लिहू का? मी म्हटलं, नुसतं पत्नी लिही, मोजायचं ते लोक मोजतील. मग त्यानं मी न सांगताच 'इतर नातेवाईक' मधून माझं नाव उचललं आणि अपत्यांच्या ओळीत, त्याच्या नावाखाली ठेवलं. 'मावशींनी' ही ओळ काढली. जतन करा, दाबलं. मी माझ्या फोनवर इतिहास उघडून पाहिला. त्याचं नाव, वेळ, सगळं पडलं होतं. तरी माझा राग उतरला नव्हता. एवढ्या वर्षांचा राग तीन ओळींत उतरत नाही.

मग तो मायकडं वळला आणि म्हणाला, मावशी, तुमच्यानंतर हा टाक मला द्या. माझ्याजवळ तिचं दुसरं काहीच नाही.

मला वाटलं, माय आता देऊन टाकेल. तिनं त्याला सगळं दिलंच होतं. पहिली भाकर त्याला, नवा सदरा त्याला, पाच वर्षांचा होईपर्यंत मांडीही त्यालाच. मायनं टाक मुठीत धरला. आम्हाला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "हे माह्यासंग येईन. एका ताटात जेवलो आमी दोघी. आता तिले एकटी कुठी सोडू मी?"

तिनं आयुष्यात त्याला कशाला नाही म्हटलं असेल तर ते हे एकदा. भाऊ मान खाली घालून बसला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, मंग फोटो काढ.

मी मायला अंगणाकडच्या दारात बसवलं, तिथं उजेड चांगला येतो. चष्मा काढून घेतला. तिनं पदर सारखा केला, पण तोंडावर ओढला नाही. टाक दोन बोटांत धरून छातीपाशी ठेवला. मी मुद्दाम पूर्ण काढला, केसांपासून कमरेपर्यंत, टाक खाली, मायचं तोंड वर. तो मागं उभा राहून पाहत होता. मी फोटो त्याच्या फोनवर पाठवला.

मोठीच्या पानावर फोटो टाकताना विकी एक चौकट दाखवते, तुम्हाला फोटोतलं किती ठेवायचं ते चौकट ओढून ठरवायचं. त्यानं चौकट टाकावर आणली आणि लहान केली. टाकच दिसू लागला, पण इतका जवळून की नुसती चांदीची चमक, तोंड नसलेला एक पांढरा डाग. त्यानं चौकट थोडी मोठी केली. आता मायची दोन बोटं आली. अजून थोडी मोठी केली, तर गळा आला, दोरा आला. हनुवटी आली. तिथं त्याचं बोट थांबलं. मी त्याच्या खांद्यामागं उभी होते. काप, असं मी मनात म्हणत होते, काप म्हणजे मले जन्मभर बोलायले राहील. त्यानं कोपरा धरून चौकट वर ओढली, मायच्या डोक्यापर्यंत.

माय दारातून विचारत होती, "आला का माहा फोटो?"

"आला," भाऊ म्हणाला. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तो जेवून गेला. पुतण्या सांगतो की नागपुरात फ्रेमवरचा हार काढलाय, फ्रेम मात्र भिंतीवर तशीच आहे. असेल. मी अजून पाहिली नाही. मी सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी इतिहासाचं बटण दाबते आणि त्यानं फोटो कापला का ते पाहते.